चारशे दाण्यांची मंजुरी

मडक्यात चार हजार दोनशे सोळा दाणे होते. मी दोनदा मोजले. पहिल्यांदा शंभराचे बेचाळीस ढीग होऊन वर एकोणीस उरले, दुसऱ्यांदा सोळा. कमी पडलेल्या तीन दाण्यांपैकी दोन फरशीच्या फटीजवळ सापडले, पण ते माझ्याच गुडघ्याखाली फुटले होते. तिसऱ्याचा पत्ता लागला नाही. म्हणून वहीत सोळा लिहिले आणि पुढे मोजणीची तारीख टाकली, अठ्ठावीस ऑगस्ट.

मडकं शेजारच्या बयनामावशीचं. ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती.

"मोजल्यानं वाढते का वं दाने?"

"नाही."

"मंग कायले डोळे फोडून राह्यली?"

"फॉर्मात लिहायचं आहे, मावशी. रकाना नऊ. सामग्री आणि तिचं प्रमाण."

"दोन मुठी लिव ना. आमी मुठीनंच मोजतो."

"कोणाच्या मुठी, असं विचारतील."

मावशीनं स्वतःची मूठ उघडून बघितली. "माह्या. आनखी कोनाच्या?"

ही तांबडी जवारी. आमचं गाव भीमपूर मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. दोन्हीकडच्या वावरांत आता कापूस आणि सोयाबीन. तांबडी जवारी पेरणारं आमच्या गावात एकच घर उरलं होतं आणि अडचण नेमकी तीच होती. सगळं गाव जवारी पेरायचं तेव्हा पाखरं सगळ्यांच्या वावरांत वाटली जायची. आता एकाच वावरात चार ओळी उभ्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या पाखरांचा मुक्काम तिथेच. मागच्या रब्बीत मावशीच्या चार ओळी हुरड्यात आल्यावर नऊ दिवसांत रिकाम्या झाल्या. ती गोफण घेऊन उभी असायची, पण दुपारी घरी जावंच लागायचं, आणि पाखरांना ती वेळ कळली होती. एकही कणीस घरी आलं नाही. मडक्यातलं बी त्याच्याही आधीच्या हंगामाचं. बी ठेवलं की दर वर्षी त्यातलं थोडं मरतं. या वर्षी ते कुठेतरी सुखरूप उगवून आलं नाही, तर पुढच्या वर्षी पेरण्याजोगं किती उरेल हे मला सांगता येत नव्हतं.

शाळा मला तेव्हा सुचली. गावच्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेला कंपाउंडची भिंत आहे, मागच्या बाजूला वीस मीटर बाय आठ मीटर मोकळी जमीन आहे आणि सकाळपासून दुपारी साडेचारपर्यंत त्रेसष्ट मुलं आहेत. त्रेसष्ट मुलांच्या आसपास पाखरं टिकत नाहीत. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून गावी परत आले होते आणि गावच्या वाचनालय मंडळाच्या सहा सभासदांपैकी एक होते. मंडळाच्या नावानं मी नऊ तासिकांचा कार्यक्रम लिहिला. बी निवडणं, उगवण मोजणं, टक्केवारी काढणं, वाढीचा तक्ता, पाखरांची नोंद. सातवी-आठवीच्या गणितात आणि विज्ञानात बसेल असा. शिकवणार मावशी आणि मी.

हेडमास्तर पंढरी सर लगेच हो म्हणाले आणि लगेच हात वर केले. "पण मंजुरी जिल्ह्याची आणा. बाहेरच्या कोणाला वर्गात उभं करायचा अधिकार मला नाही. मागं एका संस्थेनं येऊन टूथपेस्ट वाटली. दात घासायचं शिकवतो म्हणाले. मी तीन महिने खुलासे लिहीत होतो."

आदिलाबादच्या जिल्हा शिक्षण कचेरीत फॉर्म तपासायचं काम सुधाकररावांकडे होतं. घरी मराठी, टेबलावर तेलुगू, आणि चिडले की दोन्हींत थोडी उर्दू. चौदा रकाने. ते एकेका रकान्यावर पेन्सिल टेकवत गेले आणि सहाव्यावर थांबले.

"शिकवणाऱ्या व्यक्तीचं शिक्षण. हे काय लिहिलंय?"

मी लिहिलं होतं: औपचारिक शिक्षण नाही. जवारीच्या चव्वेचाळीस पेरण्या.

"चव्वेचाळीस कशावरून?"

"लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. तीन वर्षं पेरणी झाली नाही, ती वजा केली."

सुधाकररावांनी चष्मा कपाळावर चढवला. "बारा वर्षं या टेबलावर आहे. या रकान्यात वजाबाकी करून आलेली तुम्ही पहिल्याच. राहू द्या. खोडत नाही मी." मग पेन्सिल अकराव्यावर गेली. "धोका. गोफण? शाळेत दगड भिरकावणार?"

"पाखरं राखायला."

"दरखास्त इथंच संपली म्हणून समजा."

"मग ताटं. दुपारच्या जेवणाची ताटं मुलं वाजवतील."

"असं लिहू नका. 'ध्वनीद्वारे' लिहा."

मी ध्वनीद्वारे लिहिलं. त्यांनी नियम वाचून दाखवले. धर्माचं काही नको, पक्षाचं नको, विक्री नको, मुलांकडून काही गोळा करायचं नाही, पालकांच्या सहीशिवाय फोटो नाही, तासाला शाळेचा शिक्षक हजर. समितीसमोर प्रात्यक्षिक द्यायचं. समितीची बैठक सव्वीस सप्टेंबरला, त्यानंतरची डिसेंबरात.

मला डिसेंबर चालणार नव्हता. दसऱ्याची सुट्टी दोन ऑक्टोबरपासून लागायची, शाळा पुन्हा उघडेपर्यंत जमिनीतली ओल खाली गेली असती. पेरणी एक ऑक्टोबरपर्यंत व्हायला हवी होती. सव्वीस तारखेनंतर हातात पाच दिवस.

रकाना दहा राहिला होता. बियाणं असल्यास त्याची उगवण, टक्क्यांत. त्यासाठी मी घरी चाचणी घेतली. मडक्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून, डोळे मिटून, शंभर दाणे काढले. निवडायचं नाही, हा नमुना घेण्याचा पहिला नियम. ओल्या कागदाच्या घडीत ते ठेवले आणि दिवसातून तीनदा कागद उघडून पाहिला. चौथ्या दिवशी अडुसष्ट उगवले होते. प्रमाणित बियाण्याला किमान पंच्याहत्तर लागतात, हे मला पाठ होतं. मी कागद पुन्हा मिटला, सहाव्या दिवशी पुन्हा उघडला. अडुसष्टच.

रकान्यात अडुसष्ट लिहिले आणि फॉर्म देऊन आले. मावशीला काही सांगितलं नाही. ते तीन आठवडे मला एका जागी बसवेना. शाळेमागची जमीन मी दोनदा मोजली, दोन्ही वेळा वीस बाय आठच भरली. कचेरीत चार चकरा झाल्या. चौथ्या खेपेला सुधाकरराव म्हणाले, "प्रणिताबाई, फाईल पळत नाही हो कुठं. तुम्हीच पळताय."

सव्वीस तारखेला समितीत तिघं होते. मधोमध अध्यक्ष, एका तेलुगू माध्यमाच्या शाळेचे हेडमास्तर. उजवीकडे पद्मिनी मॅडम, विज्ञानाच्या शिक्षिका, आदिलाबादेत तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. डावीकडे कचेरीतले एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत फक्त लिहीत होते. मी कागदाची घडी, तक्ता आणि पट्टी मांडली. मावशीनं पदराखालून एक पत्रावळ काढून माझ्या तक्त्यावरच ठेवली.

पत्रावळीत काळी माती होती, मातीत बोटभर वाढलेले गव्हाचे हिरवे मोड, आणि चारी बाजूंनी हळदीकुंकवाची बोटं. घटाला मांडतात तसं. मला तिनं हे बसमध्येही दाखवलं नव्हतं.

अध्यक्षांनी मावशीला तेलुगूत विचारलं. पद्मिनी मॅडमनी मराठीत केलं. "ही पूजा आहे का, विचारतायत सर."

"पूजा कायची? बी हाये," मावशी म्हणाली. "पेरताना हात नाई जोडा लागत का?"

"शाळेत हे चालत नाही, आजी. नियम आहे. बाहेरचे लोक येतात तेव्हा कोणाच्याच देवाचं काही आणायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग हळद मडक्याले घरी लावून येतो. शाळेत आनत नाई." मावशीनं कपाळाला बोट लावलं. "माह्या कपाळावरचं तं चालते ना? का ते बी पुसू?"

मॅडमनी ते सांगितल्यावर अध्यक्ष हसले, दोन्ही हात जोडून नाही नाही म्हणाले. डावीकडच्या गृहस्थांनी एक ओळ लिहिली. मला वाटलं, पार पडलं.

तेवढ्यात मॅडमनी फॉर्म उलटला. "उगवण अडुसष्ट. किमान किती लागते, माहीत आहे?"

"पंच्याहत्तर."

"तरी अडुसष्ट लिहिलंत."

"तेवढेच उगवले."

"मुलं पेरतील आणि रोज जाऊन बघतील," त्या म्हणाल्या. "मागं एकांनी रोपं वाटली, फोटो काढले, निघून गेले. एकही जगलं नाही. मुलांना वाटलं, आपलंच काही चुकलं. मला पुन्हा तसा वाफा कोणत्या शाळेत नको."

मीही हेच म्हटलं असतं. पण मावशी माझ्याकडे वळली होती.

"अडुसष्ट? माह्या बियाले? शंभरातून?"

"हो, मावशी."

"इतके कमी मार्क काऊन देल्ले तू?"

"दिले नाहीत. मोजले."

"कोनते दाने घेतले?"

"मडक्यातले. डोळे मिटून."

"डोळे मिटून!" तिनं अध्यक्षांकडे पाहिलं, जणू त्यांना सगळं कळत होतं. "अन् पाखडलं?"

"नाही. पाखडलं असतं तर ती निवड झाली असती."

"अवं, पाखडल्याबिगर पेरते कोन? एम्मेस्सी केली म्हनते, अन् फोलं पेरते!"

"मग तू मडक्यात न पाखडता का ठेवलंस?"

"राखेत, फोलासंगंच ठेवा लागते. किडा पयले फोल खाते. पेराच्या दिशी पाखडतो आमी. तू इचारलं का मले?"

मी विचारलं नव्हतं. ती भिंतीला टेकून समोर बसली होती, मी दोन दिवस दाणे मोजत होते, आणि मी तिला मूठ कोणाची एवढंच विचारलं होतं. चार हजार दोनशे सोळा हा आकडा बरोबर होता, पण तो बियांचा नव्हता. त्यात किती पोचट आणि किती किडलेले होते ते मला माहीत नव्हतं.

"पाखडल्यावर किती उगवतील?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही."

तिघं आपसात बोलले. मला तेलुगू कळतं, पण त्या वेळी एकही वाक्य पूर्ण ऐकू आलं नाही. मग मॅडमनी निर्णय सांगितला. सशर्त मंजुरी. बी शाळेत, मुलांच्या हातून पाखडायचं. त्यातले चारशे दाणे मुलांनीच लावायचे. एक तारखेला मुलांनीच मोजायचे, त्या स्वतः हजर राहतील. चारशेत तीनशे किंवा जास्त उगवले, तर त्याच दुपारी उरलेलं बी पेरायला मंजुरी. कमी आले, तर फाईल डिसेंबरच्या बैठकीत.

"शंभराचे चार वेगळे गट करू का?" मी विचारलं. "एकाच गटावर भरवसा नको."

"करा," त्या म्हणाल्या. "आणि प्रणिता, मोजायला तुम्ही हात लावायचा नाही."

बसमध्ये मावशी खिडकीशी बसली. उतरताना म्हणाली, "तीनशे म्हंजे मूठभर बी नाई. इतक्याशासाठी इतके लोक बसले होते का?"

शुक्रवारी सकाळी मावशी मडकं घेऊन शाळेत आली. मडक्याला हळद लावलेली नव्हती. मी बघितल्याचं तिनं पाहिलं आणि म्हणाली, "घरी लावली अन् घरीच पुसली. बियाले मालूम हाये."

आठवीच्या मुलांसमोर तिनं सूप धरलं. वारा कुठून येतो ते आधी गालावर बघायचं, सूप छातीपासून एक वीत दूर, मनगट हलवायचं, खांदा नाही. पहिल्या झटक्याला राख गेली, दुसऱ्याला फोल. मग सूप तिरकं करून घोळलं, की जड दाणे मागे सरतात आणि हलके ओठाशी येतात. रुपा नावाच्या मुलीला ते तिसऱ्यांदा जमलं. करणनं पहिल्याच झटक्यात पंधरा-वीस चांगले दाणे अंगणात उडवले.

"अबे, पाखरं राखाले ठेवलं तुले, का चाराले?" मावशी ओरडली. वर्ग हसला आणि सगळ्यांनी मिळून ते दाणे वेचले.

माझ्या चाचणीनंतर चार हजार एकशे सोळा उरले होते. मुलांनी पाखडून बाजूला काढलेले चारशे त्र्याण्णव भरले. उरले तीन हजार सहाशे तेवीस. मी वहीच्या कोपऱ्यात हिशेब केला. बाजूला काढलेला प्रत्येक दाणा मेलेला असेल आणि अख्ख्या मडक्याची प्रत माझ्या नमुन्यासारखी असेल, तर उगवण सत्त्याहत्तर टक्क्यांच्या आसपास यावी. वाक्यात एका 'तर'मागे दोन 'असेल' होते. मी ते वाक्य तिथेच सोडलं.

चार ओली गोणपाटं, प्रत्येकावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, खिडकीपासून लांब. शनिवारी मी चार वेळा शाळेत गेले. रविवारी पंढरी सरांकडून किल्ली घेऊन तीन वेळा. खोलीचं तापमान लिहिलं: सकाळी सव्वीस, दुपारी एकतीस. पाणी शिंपडायला मावशी यायची. तिसऱ्या खेपेला मी गोणपाटाचा कोपरा उचलला, तेव्हा तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"उघडू उघडू पाहू नोको. लाजते ते."

"बी लाजत नाही, मावशी."

"तुह्या कागदातलं लाजलं होतं ना? अडुसष्टच वर आलं."

मी कोपरा खाली ठेवला आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. सोमवारी शाळा भरल्यावर कारण नसताना पुन्हा गेले. पंढरी सर म्हणाले, "तुमच्यापेक्षा पोरं शांत आहेत." तेही दर तासाला त्याच खोलीवरून चकरा मारत होते.

मंगळवारी, एक ऑक्टोबरला, पद्मिनी मॅडम दुपारी दोनच्या बसनं आल्या. मुलांची दप्तरं भरलेली होती, सुट्टी लागायला अडीच तास होते. मागची जमीन सकाळीच नांगरून ठेवली होती. मॅडमनी फळ्यावर नियम लिहिला: मुळी आणि मोड दोन्ही असतील तरच एक. मावशी दारात उंबऱ्यावर बसली. मी नियमाप्रमाणे हात मागे बांधून भिंतीशी.

पहिलं गोणपाट रुपानं मोजलं. प्रत्येक ओळीचा आकडा करण फळ्यावर लिहायचा. एकोणऐंशी.

दुसरं दोन मुलांनी मिळून मोजलं, दोघांचे आकडे वेगळे आले, पुन्हा मोजलं. बहात्तर.

मावशी उंबऱ्यावरून उठली आणि आत येऊन बसली.

तिसऱ्या गोणपाटाच्या नवव्या ओळीत रुपा थांबली. एका दाण्याला लांब पांढरी मुळी होती, मोडाच्या जागी नुसता फुगवटा.

"धर ना," करण म्हणाला. "उद्या येईल मोड."

"उद्या सुट्टी हाये," रुपा म्हणाली. "मॅडम, धरू का?"

मॅडम माझ्याकडे बघणार होत्या, पण बघितलं नाही. त्यांनी मावशीला विचारलं, "तुम्ही सांगा."

मावशी वाकली. दाणा बोटावर घेतला, उजेडाकडे धरला, नखानं फुगवटा किंचित दाबला. सगळा वर्ग तिच्या बोटाकडे बघत होता.

"नोको धरू," ती म्हणाली. "आतून काळं हाये. हे वर येनार नाई."

रुपानं तो दाणा बाजूला ठेवला. तिसऱ्या गोणपाटात चौऱ्याहत्तर.

करणनं बेरीज केली, दोनशे पंचवीस, आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, अजून पंच्याहत्तर पाहिजे. चौथं गोणपाट अख्ख्या वर्गानं मोठ्यानं मोजलं, प्रत्येक ओळीचा आकडा दोनदा म्हणत. पहिल्या ओळीत आठ. दुसरीत सात. तिसरीत नऊ. चौथीत सात. पाचवीत आठ. सहावीत आठ. सातवीत नऊ. आठवीत आठ. नववीत आठ. दहावीत नऊ. पद्मिनी मॅडमनी बेरीज स्वतः तपासली आणि कागदावर लिहून, खाली पंढरी सरांची सही घेऊन, वर्गाला वाचून दाखवलं.

चौथ्या गटात एक्क्याऐंशी. एकूण चारशेपैकी तीनशे सहा. उगवण शहात्तर पूर्णांक पाच टक्के.